कांग्याचा काठ

आमच्या पेम्बा बेटावर तोंडाने भांडणं कमी.
बायका कांगा विकत घेतात
काठावर छापलेली ओळ पारखून,
आणि जिला सुनवायचं
तिच्या दारावरून सावकाश चालत जातात.

आत्याने मात्र आईला भेटच दिला,
पिवळा, काजूच्या नक्षीचा.
लवंगांचा हंगाम होता.
बाबांमागे उरलेल्या सात झाडांतला
आईने नुकताच वाटा मागितला होता.
सगळं नव्हे. वाटा.
काठावर काळ्या ठसठशीत अक्षरांत:
म्ताका योते हुकोसा योते.
ज्याला सगळं हवं, त्याचं सगळं जातं.

शामे मास्तरांनी हीच म्हण
अर्थ स्पष्ट करायला घातली, पाच गुणांना.
मी लिहिलं: हाव वाईट, समाधानात बरकत.
पाचपैकी पाच.
त्या रात्री भातात नारळ नव्हता.

फाकीमामा पडला तेव्हाही लोक हेच म्हणाले.
लवंगेची फांदी ठिसूळ.
टोकाचा घोस दिसतो हाताशी,
असतो हातभर पलीकडे.
मामा सरकला, कडकन वाजलं,
आणि कंबर जन्माची तिरकी झाली.
हाव नडली, म्हणाले
मशिदीच्या ओट्यावरचे म्हातारे.

आई सुपात देठ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
झाड खतीबूचं. घोस खतीबूचा.
मामाला मिळायची नुसती तोडणावळ,
दोन मापं जास्त भरली असती
तर पोराचा गणवेश झाला असता.
हाव झाडावर चढलीच नव्हती गं.
ती खाली सावलीत बसली होती
माप धरून.

खतीबूचं माप म्हणजे पत्र्याचा डबा.
भरला की तो तीनदा जमिनीवर आपटायचा,
लवंगा खाली बसायच्या,
वर पुन्हा मूठभर जागा.
ती मूठ कुणाची
हे कुठल्याच कांग्यावर छापलेलं नाही.

मग एका मोजणीला आई तोच पिवळा कांगा नेसून गेली.
आत्याचा टोमणा तिच्याच अंगावर,
पण उभी राहिली अशी पाठमोरी
की ओळ बरोबर खतीबूच्या डोळ्यांपुढे यावी.
त्याने वाचली. ओठ हलताना मी पाहिले.
नक्षी छान आहे, म्हणाला,
आणि डबा आपटला.
दोनदाच.

आईही काही पीर नव्हती.
एका वर्षी भाव चढला तेव्हा
पुरत्या न वाळलेल्या लवंगा तिने पोत्यात दडपल्या,
वजन भरावं म्हणून.
मी दारात होते.
तिने मला पाहिलं, पोतं शिवलं,
आणि विहिरीवर जाऊन हात धूत राहिली
कितीतरी वेळ.
लवंगेचा वास जातो का कधी?
म्हण तेव्हाही दोरीवर वाळत होती.
वारा नव्हता, अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

कांगे जोडीने मिळतात, एकाच ओळीचे दोन.
एक आईच्या जनाज्यावर पांघरला,
परत आणायचं कुणाला सुचलं नाही.
दुसरा माझ्याबरोबर दार-एस-सलामला आला,
दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात.

मुलगी झाली तेव्हा तो मधोमध कापला.
धुऊन धुऊन मऊ झालेला, कात्री सरसर गेली.
ओळही बरोबर मधे तुटली, ते नंतर लक्षात आलं.
उरलेल्या अर्ध्याने मी चुलीवरची भांडी उतरवते,
त्याचं सगळं जातं
कडेकडेने करपत चाललंय.

दवाखान्यातल्या नर्सने दुपटं उलगडून वाचलं:
ज्याला सगळं हवं.
म्हणाली, म्हण अर्धीच आहे की.
पोरीने तिचं बोट मुठीत धरलं होतं,
सोडत नव्हती.
म्हटलं, असू दे.